बुलेटखाली तेलाचा डाग दिसतोय? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

सकाळी गाडी काढायला पार्किंगमध्ये जावं आणि कालपर्यंत स्वच्छ असलेल्या फरशीवर इंजिनच्या बरोबर खाली एक रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग दिसावा. बुलेट किंवा क्लासिक बाळगणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही.

हा डाग दिसला की लोक साधारण दोन गोष्टी करतात.

काही जण म्हणतात, "बुलेट आहे, गळणारच." जुन्या बुलेटवाल्यांत तर विनोदच आहे, की जी बुलेट गळत नाही तिच्यातलं तेल संपलेलं असतं. असं म्हणून ते गाडीखाली पुठ्ठा टाकतात आणि विषय संपवतात.

बाकीचे लगेच पाना काढतात. दिसेल तो बोल्ट आवळतात, वरून सिलिकॉनची ट्यूब पिळतात आणि रविवारी गोव्याला निघतात.

या दोन्ही वाटा बऱ्याचदा एकाच ठिकाणी पोहोचतात. ते ठिकाण म्हणजे गॅरेज, आणि तिथे जे काम एका वॉशरमध्ये भागलं असतं त्याच्यासाठी इंजिन खोलावं लागतं.

किरकोळ तेलगळती घरच्या घरी थांबवता येते. पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम गळती नेमकी कुठून होतेय हे शोधण्याचं असतं. पाना फिरवण्याची वेळ त्यानंतर येते. ते काम कसं करायचं, ते आज बघू. उदाहरण म्हणून घेऊ रॉयल एन्फिल्डची २००९ ते २०२१ या काळातली क्लासिक ३५०, कारण आपल्या रस्त्यांवर जुन्या धाटणीचं एअर-कूल्ड इंजिन म्हटलं की ही गाडी हमखास दिसते.

बुलेट गळते, ही ख्याती आली कुठून?

बुलेट हे नाव १९३२ पासूनचं आणि मूळ इंग्लंडमधलं. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि मद्रासमध्ये ही गाडी बनू लागली. मूळ ब्रिटिश कंपनी पुढे बंद पडली, पण आपल्याकडे त्याच आराखड्याचं इंजिन थोड्याफार फरकाने पुढची पन्नासेक वर्षं बनत राहिलं. यालाच आपण कास्ट आयर्न बुलेट म्हणतो.

त्या इंजिनात तेल गळायला जागाच भरपूर होत्या. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लच आणि प्रायमरी चेनचा डबा आणखी वेगळा. प्रत्येकाचं तेल निराळं आणि प्रत्येकाचे सांधे निराळे. हेडकडे तेल नेणारी बारीक नळी इंजिनच्या बाहेरून जायची आणि तिच्या प्रत्येक टोकाला वॉशर. क्लचच्या डब्याचं ते मोठं झाकण तर मधोमध एकाच नटावर धरलेलं असायचं. नट कमी आवळला तर कडेने तेल, जास्त आवळला तर झाकण दबून पुन्हा कडेनेच तेल.

त्यात इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेले दोन भाग रोज तापताना आणि थंड होताना वेगवेगळ्या मापाने सरकणार, आणि मधलं पॅकिंग ते सगळं सोसणार.

नंतर यूसीई इंजिन आलं. यात इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच चेंबरमध्ये, एकाच तेलावर चालतात. ब्लॉकही ॲल्युमिनियमचा झाला. सांधे कमी झाले आणि गळतीही कमी झाली. २०२१ मध्ये क्लासिकला नवं ३४९ सीसीचं इंजिन मिळालं.

सांगायचा मुद्दा असा, की "गळणारच" हे वाक्य एका जुन्या इंजिनसाठी बऱ्यापैकी खरं होतं. यूसीई गाडी गळत असेल तर तिचा एखादा भाग झिजलाय किंवा कुणीतरी तो नीट बसवलेला नाही.

इंजिन गळतं म्हणजे नक्की काय होतं?

इंजिनमध्ये तेल अडवणाऱ्या तीन प्रकारच्या वस्तू असतात.

पहिली म्हणजे पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट. दोन स्थिर भागांच्या मध्ये दाबून बसवलेला कागदासारखा किंवा रबरी थर. वर्षानुवर्षं तापून तो कडक होतो, दबतो आणि कुठेतरी चिरतो.

दुसरी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नवी असताना तिचा काप गोल असतो. जुनी काढून बघितली तर ती एका बाजूने चपटी झालेली दिसते. नखाने दाबली आणि दबली नाही तर ती संपली असं समजायचं.

तिसरं ऑइल सील. जिथे एखादा दांडा फिरतो किंवा हलतो, उदाहरणार्थ गिअर लिव्हरचा, तिथे हे सील असतं. त्याची पातळ रबरी कड दांड्याला घासून तेल आत ठेवते. कड झिजली किंवा दांड्यावर गंजाची चरी पडली की तेल बाहेर.

या तिघांवर तीन गोष्टींचा मारा होतो: उष्णता, थरथर आणि इंजिनच्या आतला दाब. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसऱ्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, त्यामुळे तो नीट समजून घेऊ.

यूसीई ३५० चा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची धाव ९० मिलिमीटरची. म्हणजे पिस्टन खाली येताना दर वेळी ३४६ सीसी हवा खालच्या चेंबरमध्ये दाबतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला ५० वेळा होतं. ही हवा बाहेर पडायला एक नळी दिलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती नळी तुंबली किंवा चेपली तर हवा दुसरी वाट शोधते. मग जे सील सगळ्यात कमजोर असेल तिथून ती तेलाला सोबत घेऊन बाहेर येते.

तेल गरजेपेक्षा जास्त भरलं तरी असंच होतं. "थोडं जास्त असलेलं बरं" हा हिशोब वरणातल्या तुपाला ठीक आहे, इंजिन ऑइलला नाही.

म्हणून कुठलाही बोल्ट खोलण्याआधी दोन गोष्टी तपासा. तेलाची पातळी आणि ब्रीदरची नळी. यूसीई इंजिनच्या उजव्या बाजूला खाली एक गोल काच असते. गाडी सरळ उभी करून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तशी पातळी बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. अनेकदा साइड स्टँडवर, म्हणजे तिरक्या गाडीत पातळी बघितली जाते आणि तेल भलतंच जास्त भरलं जातं.

पॅकिंग, सील सगळं ठीक असूनही गाडी गळत असेल तर कारण इथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. आणि हा इलाज फुकट आहे.

गळती किरकोळ आहे हे कसं ओळखायचं?

गळतीच्या ढोबळ तीन पायऱ्या आहेत.

सांध्यावर नुसता ओलसरपणा आहे, त्यावर धूळ चिकटून काळा थर झालाय, पण खाली थेंब पडत नाही. याला गॅरेजच्या भाषेत इंजिनला घाम येणं म्हणतात. लक्ष ठेवा, घाई नाही.

रात्रभरात दोन-चार थेंब पडतात. ही किरकोळ गळती. हा लेख तिच्यासाठीच आहे.

गाडी उभी असताना डोळ्यांसमोर थेंब पडतोय. ही किरकोळ नाही. एक साधा हिशोब बघा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसात १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. दोन आठवड्यांत एक लिटर तेल गायब. इंजिनमध्ये एकूण तेलच दोन-अडीच लिटर असतं.

पुढच्या चारपैकी काहीही दिसलं तर घरचे प्रयोग बंद करा आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा:

- तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर जातंय. वळणावर गाडी आडवी होऊ शकते. घाटात आणि पावसात तर हा थेट जिवाशी खेळ आहे.
- तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर येतोय.
- तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलीय.
- हेडमधून नेहमीपेक्षा जास्त टकटक ऐकू येतेय. यूसीईचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतात. तेल कमी पडल्याची कुरकुर ते अशी करतात.

सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ते दुखणं वेगळंच. तिथे तेल बाहेर गळत नाही, आत जळतंय.

आधी खात्री करा, ते इंजिन ऑइलच आहे ना?

गाडीखालचा प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. टिश्यू पेपर लावून बघा.

इंजिन ऑइल तपकिरी-काळं, बोटांत बुळबुळीत लागतं आणि जळकट वास येतो. चेनला मारलेलं ल्युब चिकट असतं आणि मागच्या रिमवर त्याच्या शिंतोड्यांची गोल रेघ उमटते. पेट्रोल पातळ असतं आणि वासावरून लगेच कळतं. ते कार्बोरेटरपाशी सापडलं तर काडी, लायटर, सिगारेट सगळं लांब ठेवा. पुढच्या चाकाजवळ डाग असेल तर शॉकअपचं तेल बघा. सकाळी सायलेन्सरच्या टोकातून पडणारे थेंब बहुतेकदा नुसतं पाणी असतं.

चेन ल्युबला गळती समजून ऑइल सील बदलणारे लोकही आहेत. पाच मिनिटांची ही तपासणी तो खर्च वाचवते.

गुन्हेगार शोधायची रीत: धुवा, पावडर मारा, फिरवा, बघा

तेल जिथून निघतं तिथेच थांबत नाही. उभ्या गाडीत ते खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. वर टॅपेट कव्हरमधून निघालेला थेंब ब्लॉकच्या पाकळ्यांवरून उतरत शेवटी खाली ड्रेन बोल्टला लोंबकळतो. आपल्याला दिसतो बोल्ट, आणि आपण तोच आवळतो.

त्यामुळे नियम असा, की ओलसरपणा दिसणारी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. उगम तिथे असतो. ती जागा सापडावी म्हणून आधी इंजिन स्वच्छ हवं.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ब्रश आणि थोडं डिझेल किंवा बाजारात मिळणारा डिग्रीझर घेऊन सगळा चिखल-तेल काढा. पेट्रोलने धुवू नका, आगीचा धोका असतो. डिझेल टायरवर किंवा ब्रेकवर उडू देऊ नका. पाण्याने धुऊन कोरडं पुसा आणि तासभर वाळू द्या.

२. संशय असलेल्या सांध्यांवर घरातली टाल्कम पावडर हलक्या हाताने मारा. एअर फिल्टरच्या तोंडापासून लांब राहा. जाड थर नको, पांढरी झाक पुरे.

३. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. मग टॉर्च घेऊन बघा. पावडरवर तेलाची काळी रेघ स्पष्ट उमटते. रेघेच्या वरच्या टोकाला तुमचा गुन्हेगार आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मेकॅनिककडे जायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

४. रेघ दिसली नाही तर रात्री इंजिनखाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकाची दिशा बाणाने लिहा. एक रात्र डबल स्टँडवर, एक रात्र साइड स्टँडवर. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, तेल त्या बाजूला जमतं. डाग फक्त त्याच रात्री पडला तर गळती डाव्या बाजूला, खालच्या अंगाला आहे.

आणखी एक खूण. फक्त गाडी चालवल्यावर ओलं होत असेल तर जिथे तेल दाबाने जातं किंवा उडतं तिथे बघा, म्हणजे फिल्टर कव्हर, टॅपेट कव्हर. नुसती उभी असतानाही गळत असेल तर ड्रेन बोल्ट किंवा खालच्या भागातलं सील.

नेहमीचे संशयित

ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर: सर्व्हिसिंगनंतर गळती सुरू झाली तर पहिला संशय यावर.

ऑइल फिल्टरचं कव्हर: उजव्या बाजूला. आतली ओ-रिंग जुनीच ठेवली किंवा बसवताना पिळली गेली की कडेने तेल येतं. हेही सर्व्हिसिंगनंतरचंच दुखणं.

टॅपेट कव्हर: इंजिनच्या डोक्यावर. पॅकिंग कडक झालं की ब्लॉकवरून खाली ओघळ येतो.

गिअर लिव्हरचं सील: डाव्या बाजूला. गिअर लिव्हर बसतो त्या दांड्याच्या कडेने ओल दिसते.

पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील: इथलं तेल चेन ल्युबमध्ये मिसळतं, त्यामुळे उशिरा लक्षात येतं.

डाव्या-उजव्या मोठ्या कव्हरचं पॅकिंग, आणि ब्लॉक जिथे चेंबरवर बसतो तिथलं पॅकिंग.

यातली पहिली दोन कामं कुणालाही जमतात. तिसरं आणि चौथं हाताला सवय असेल तर जमतं. शेवटची दोन गॅरेजची, कारण त्यात बरंच काही खोलावं लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर पहिलं कामसुद्धा सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या.

दुरुस्ती १: ड्रेन बोल्ट आणि फिल्टर कव्हर

ही दोन्ही कामं ऑइल बदलायच्या वेळीच करावीत, म्हणजे तेल वाया जात नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या. इंजिन कोमट असावं, तेल पटकन उतरतं. चटका बसेल इतकं गरम नको. खाली पसरट भांडं ठेवा आणि ड्रेन बोल्ट काढा. जुना वॉशर दबून पातळ झालेला दिसेल, तो फेकून द्या. नवा त्याच मापाचा घ्या. बोल्ट आणि चेंबरचा पृष्ठभाग कापडाने पुसा, कारण वाळूचा एक कण राहिला तरी पुन्हा गळणार.

बोल्ट आधी हातानेच फिरवून बसवा. हा नियम कुठल्याच बोल्टला मोडू नका. बोटांनी तीन-चार वळसे सहज गेला तर आटे जुळलेत. सुरुवातीलाच पाना लावला आणि बोल्ट तिरका असेल तर आटे कापले जातात.

फिल्टर कव्हर काढताना थोडं तेल सांडतंच, भांडं तयार ठेवा. जुनी ओ-रिंग काढा. ती कव्हरला न चिकटता चेंबरच्या खाचेतच राहिली नाही ना, हे बघा. जुनीवर नवी बसली तर गाडी भळाभळा गळेल. खाच पुसा, नव्या ओ-रिंगला बोटाने तेल लावा आणि कुठे पीळ न पडता बसवा. कव्हर सरळ दाबा आणि बोल्ट थोडे-थोडे, आलटून पालटून आवळा.

दुरुस्ती २: टॅपेट कव्हर

इंजिन गार हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. कव्हरच्या भोवतीची धूळ आधी फुंकून-पुसून काढा, नाहीतर कव्हर उचलताच ती हेडमध्ये पडते. टाकी सैल करावी लागली तर पेट्रोलचा कॉक आधी बंद करा.

बोल्ट एकदम एक-एक काढू नका. सगळे थोडे-थोडे सैल करा, म्हणजे कव्हर वाकडं होत नाही. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलकेच ठोका. स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे तेलाला दिलेली नवी वाट. आज पॅकिंग खराब होतं, उद्या कव्हरही खराब.

आत स्वच्छ कापड दाबून ठेवा, म्हणजे पॅकिंगचे तुकडे आत पडणार नाहीत. जुनं पॅकिंग नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. पृष्ठभाग बोटाने चाचपा, तो गुळगुळीत लागला पाहिजे. मग कापड आठवणीने काढा, नवं पॅकिंग ठेवा आणि कव्हर बसवा.

गिअर लिव्हरचं सील बदलायचं असेल तर एकच सूचना. ते तिरकं बसू देऊ नका. सीलच्या बाहेरच्या कडेच्या मापाचं सॉकेट किंवा पाइपचा तुकडा लावून सगळीकडून सारखं दाबा आणि आतल्या रबरी कडेला आधी तेल लावा.

"अजून थोडं आवळतो"

बऱ्याच इंजिनांचं नुकसान गळतीपेक्षा या तीन शब्दांनी जास्त होतं.

इंजिनच्या कव्हरांना लावलेले छोटे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटर जाडीचे. असे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात. हा आकडा हातात कसा लागतो? १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जवळपास ७ किलोचा जोर. तुमच्या हातात त्याच्या कितीतरी पट ताकद आहे. पान्याला पाइप लावला तर विचारायलाच नको.

बोल्ट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. जोर जास्त झाला की हार ॲल्युमिनियमची होते. पाना एकदम हलका होतो आणि फिरतच राहतो. आटे गेले. आता तिथे भोक पाडून नवे आटे असलेली गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवावी लागते. लेथवाल्याकडे जा, मेकॅनिकची वाट बघा, दोन दिवस गाडी बंद. पॅकिंग आणि वॉशर हे इंजिनचे सगळ्यात स्वस्त भाग आहेत आणि चेंबर सगळ्यात महागड्यांपैकी एक. जोर लावताना एवढं लक्षात ठेवा.

टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, ड्रेन बोल्टचा वेगळा असतो. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना वापरा, तो टोकाला न धरता मध्ये धरा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

जुनं, कडक झालेलं पॅकिंग आवळल्याने पुन्हा मऊ होत नाही. बोल्ट खरोखर सैल असेल तर आवळा. घट्ट असूनही गळत असेल तर पॅकिंग बदला.

आणि ते सिलिकॉन?

सिलिकॉन वाईट नाही. जिथे धातूवर धातू बसतो आणि मध्ये पॅकिंगच नसतं, तिथे कंपनीही असं सीलंट वापरते. प्रश्न येतो तो कुठेही आणि कितीही लावण्याने.

गळत्या सांध्यावर बाहेरून फासलेलं सिलिकॉन टिकत नाही, कारण तेलकट पृष्ठभागावर ते नीट चिकटत नाही. आतून तेल ढकलत असतं, आठवड्यात त्याची साल निघते.

आत जास्त लावलं तर धोका मोठा. बोल्ट आवळले की जादा सिलिकॉन बाहेर जेवढं येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं आपण पुसतो. आतलं वाळतं, तुटतं आणि तेलासोबत फिरू लागतं. असा तुकडा जाळीत किंवा तेलाच्या बारीक वाटेत अडकला तर पुढच्या भागाला तेल पोहोचत नाही, आणि तेलाविना इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. एक थेंब वाचवायला जाऊन अख्खं इंजिन घालवायचा हा प्रकार.

कोरडं बसवायचं पॅकिंग कोरडंच बसवा. सीलंट लावायची वेळ आलीच तर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसून पातळ थर द्या, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत गाडी सुरू करू नका.

काम झालं, आता?

तेल भरा. यूसीईसाठी कंपनी १५ डब्ल्यू ५० ग्रेडचं, जासो एमए प्रतीचं तेल सांगते. जासो एमए महत्त्वाचं, कारण याच तेलात क्लचही बुडालेला असतो. कारचं तेल टाकलं तर क्लच घसरू शकतो. गळती थांबावी म्हणून आणखी जाड तेल भरायचा सल्ला मिळाला तर तो सोडून द्या. थंड इंजिनात असं तेल वरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पातळी पुन्हा बघा. सांधा पुसून पुन्हा पावडर मारा आणि एक फेरी मारा. लांबच्या प्रवासाला लगेच निघू नका. शंभरेक किलोमीटर गावातच फिरवा आणि रोज सकाळी पुठ्ठा बघा. पावडर पांढरी राहिली तर काम फत्ते.

राहिलं भांड्यातलं जुनं तेल. ते गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांमध्ये वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते बंद कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या, जिथून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जातं. तेलाने भिजलेल्या चिंध्याही उघड्यावर पेटवू नका.

पॅकिंग नवं घातलं, पातळी बरोबर आहे, ब्रीदर मोकळा आहे आणि तरीही त्याच जागी पुन्हा ओल येत असेल, तर पृष्ठभाग वाकलाय, दांडा झिजलाय किंवा रिंगा थकून चेंबरमध्ये दाब वाढतोय. हे काम घरचं नाही. पण अशा वेळीही मेकॅनिककडे जाताना तुमच्याकडे पावडरवरच्या रेघेचा फोटो असेल, काय-काय बदललं याची यादी असेल, आणि गळती उभ्या गाडीत होते की चालत्या हे तुम्हाला माहीत असेल.

मग "बुलेट आहे साहेब, गळणारच" असं कुणी म्हटलं, तर त्याला तो फोटो दाखवा आणि विचारा, "इथूनच का?"